गाफच्या झाडाला आळं

९ जून २०१७, दार्सैत, मस्कत

करर्र... करर्र... धप्! — आमच्या आगरातला रहाट. तो थांबून जन्म लोटला, पण आज दुपारी गॅलरीत डोळा लागला आणि स्पष्ट ऐकू आला. लोटे भरून वर यायचे, पन्हळीत रिकामे व्हायचे, पाणी पाटानं पोफळींच्या आळ्यांत शिरायचं. त्या तालावर आम्ही शाळेतल्या कविता घोकायचो. पोफळी भिजत, कविता पाठ होत!

जाग आली तर एसीची नळी. टप टप, खाली फरशीवर. अख्खी इमारत अशी गळते, आणि पलीकडेच ते गाफचं झाड धुळीनं माखून उभं. वाळवंटातलं झाड, बारीक पानांचं, काटेरी. ही इमारत उठली त्याच्याही आधीचं. माझी बायको प्रभावती आणि खालच्या मजल्यावरची अमीरुन्निसाबी संध्याकाळी त्याच्याखाली बसायच्या — एक गुहागरची, एक रत्नागिरीची, आणि गप्पा माशांच्या. प्रभावती गेल्यापासून तिची वेताची खुर्ची इथे गॅलरीत आहे. तिच्यावर कुणी बसत नाही. मीही नाही.

१२ जून

तय्यब सांगत आला. तोच इमारतीचं सगळं बघतो. "काका, झाड जानार. अर्बाबला पार्किंग पायजे. बोलला, अर्धा सुकलाय, गाड्यांवर कचरा पाडतो."

अर्बाब म्हणजे इमारतीचा मालक. जेवण गेलं नाही.

१३ जून

अमीरुन्निसाबीनं मालकाला फोन लावला. रोज्याचा दिवस, पण आवाज खणखणीत. तिचं अरबी, माझं हिंदी, मालकाचं इंग्रजी — नुसती खिचडी! शेवटी तो म्हणाला, बकरी ईदेपर्यंत झाड हिरवं झालं तर राहील. नाहीतर खलास.

"इन्शाल्ला," म्हणून तिनं फोन ठेवला. रहाटाच्या माझ्या गोष्टी तिला पाठ. माझ्याकडे वळून — "बाळूदादा, काड आता तुजा रहाट!"

२१ जून

काढला! नात यशश्री शाळेतून ऐकून आली होती — "आजोबा, एसीचं वॉटर प्लान्ट्सना चालतं. टीचर म्हणाली, वेस्ट नाही करायचं." मग तय्यबला गाठलं. सगळ्या मजल्यांच्या नळ्या त्यानं एका पाइपात आणल्या आणि पाइप झाडापाशी. मी कुदळ घेतली. नूतन वरून ओरडत होती, "बाबा, ऊन बघा!" — सुनेचा तो हक्कच. पण आळं मीच केलं. माडाला करतात तसं, गोल, उंच काठाचं.

अमीरुन्निसाबी दारातून बघत होती. "दादा, ह्यो काय माड हाय?"

म्हटलं, तहान सगळ्यांची सारखीच.

२ जुलै

आळं काठोकाठ. संध्याकाळचं आभाळ त्यात दिसतं. दोन ओळी सुचल्या —
थेंब थेंब जमता भरले आळे,
आता उघडील झाड डोळे.
आमचे मास्तर म्हणाले असते, "यमक बरं आहे. अर्थाचं पुढे बघू."

१९ जुलै

पानं पिवळी पडतायत. हा उन्हाळाच राक्षस! आणखी पाणी हवं.

तय्यब हसतो. "काका, आता त्याला पोहायला शिकवा."

३० जुलै

रोज दोन बादल्या वरून घालतो. तरी पानगळ. मुलाच्या गाडीतून येताना हायवेच्या कडेची हिरवळ बघितली. सांडपाणी शुद्ध करून देतात म्हणे तिला. चांगलंच आहे. मी नोकरीला आलो तेव्हा रुवीपलीकडे नुसते बोडके डोंगर होते. आता दिवे, पूल, फुलांचे ताटवे. शहर नवं हिरवं लावतंय. जुनं हिरवं मात्र माझ्या हाती दिलं, आणि ते माझ्या हातातून निसटतंय.

११ ऑगस्ट

आज अमीरुन्निसाबी काठी घेऊन आळ्यात उतरली. माती उकरली. "वास बग."

कुजका वास. वर शेवाळ, खाली काळी पडलेली मुळं.

"वालवंटातलं झाड त्ये, दादा. पानी खोल जाऊन सोदतं. तू त्याच्या पायात तलाव केलास!"

गुहागरची माया इथे ओतत होतो. आळं हातानं मोडलं. तय्यबनं पाइप कुंपणाच्या बोगनवेलीकडे वळवला. या वेळी तो हसला नाही. त्याचंच जास्त लागलं.

२५ ऑगस्ट

गणपती. मंदिरात आरतीला गेलो. मागितलं काय, तर एक पान.

१ सप्टेंबर

बकरी ईद. झाडावर काही नाही, नुसत्या काटक्या. मालक नमाजानंतर येऊन बघून गेला. रागावला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, सुट्टी संपली की माणसं येतील. रागावला असता तर बरं झालं असतं.

अमीरुन्निसाबी म्हणाली, "तू गप बस. मी बोलते." कुणाशी, ते सांगितलं नाही.

६ सप्टेंबर

उद्या. पडदे ओढून ठेवले आहेत. रहाटाची करकर एकदा ऐकली, करवतीची नको.

७ सप्टेंबर

सकाळी बेल वाजली. तय्यब सांगायला आला असेल म्हणून दार उघडलं. दारात ओमानी म्हातारी! काळा अबाया, हातात काठी, धाप लागलेली. मागे आमचा मालक, शाळेतल्या पोरासारखी मान खाली.

"मेरा बेटा," तिनं त्याच्याकडे बोट केलं. जुन्या मस्कतवाल्यांचं हिंदी. "अमीरुन ने टेलिफोन किया. पानी वाला बुढ्ढा तुम?"

मान हलवली.

तिनं मूठ उघडली. गाफची काटकी. नखानं साल खरवडून माझ्या डोळ्यांपुढे धरली — आत ओलं, हिरवं!

"मरा नहीं. मैं शादी करके आया, तब से मेरा बकरी इसके नीचे बैठता था. मशीन वाला को बोला, पहले मैं बैठेगा. बाद में काटो." मग आत डोकावून — "कुर्सी है?"

प्रभावतीची खुर्ची उचलली आणि तिच्या मागोमाग जिना उतरलो.