माझी ग्रंथी कामावर रुजू होत आहे

२ एप्रिल, सकाळी ६
ऑपरेशनला आज तीन महिने झाले. मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यावर गाठ होती. नाकातून काढली. गाठ साधी निघाली, कॅन्सरची नाही. विषय संपला.
डॉक्टर नामबाईंच्या मते संपलेला नाही. ग्रंथी सुस्त पडलीय, तिच्यामुळे शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आणि आजार झेलायला लागणारं रसायन, तयार होत नाही. म्हणून सकाळी एक गोळी, दुपारी अर्धी. ताप आला तर दुप्पट. मनाने बंद करायची नाही, असं तीनदा सांगितलं.
पण मी कोरियातल्या टोंगयॉंग बंदराच्या धक्क्यावरून तेवीस वर्षं बेटांवर फेरीबोट नेतो. गोळ्यांवर जगणाऱ्या कॅप्टनच्या हाती दोनशे माणसं कोण देईल? वीस तारखेला फिटनेसची तपासणी आहे.
संकल्प: आजपासून गोळ्या बंद. आयतं मिळत राहिलं तर ग्रंथी कशाला हात हलवेल?

३ एप्रिल
उत्तम वाटतंय. बायकोला, ओक-बूनला, सांगितलेलं नाही. तिला काळजी करायची सवय आहे.

५ एप्रिल
अंथरुणातून उठायला चाळीस मिनिटं लागली. चांगलं लक्षण. ग्रंथी आत जोर लावतेय. नवीन कामावर कोणीही दमतंच.

७ एप्रिल
माशाच्या सूपाच्या वासानेच मळमळलं. मासे शिळे आहेत म्हणालो. ओक-बून म्हणाली, "अहो, सकाळी तुम्हीच आणलेत, शेपटी हलत होती!" फार वाद घालते.
वजन तीन किलो उतरलं. तपासणीत छाप पडेल.

९ एप्रिल, दुपारी
धक्क्यावर गेलो. माझ्या जागी सध्या बोंग दोक-सू आहे. माझ्याच हाताखाली शिकलेला. म्हणाला, "कॅप्टनसाहेब, चेहरा पांढराफटक पडलाय, बसा ना जरा." उन्हामुळे तसं दिसतं, म्हटलं.
सराव म्हणून एका फेरीला बसलो. समुद्र तळ्यासारखा. आणि मला ओकारी झाली. शेजारच्या म्हातारीने पिशवी पुढे केली, पाठ चोळली आणि विचारलं, "पहिल्यांदाच बसतोयस का रे बाळा बोटीत?"
बोंग काचेआडून बघत होता. हसला असता तर बरं झालं असतं. हसला नाही.

११ एप्रिल
भिंत धरून चालतो. आमच्या घराचा मजला जरा उतरता आहे, हे वीस वर्षांत लक्षात आलं नव्हतं.
बोट गेली तर? ओक-बूनच्या दुकानात बसून सुकी मासळी तोलायची. नावाआधीचं कॅप्टन काढलं की उरतो नुसता मा ग्यू-सॉक. त्या माणसाशी माझी फारशी ओळख नाही.
डोळ्यांतून पाणी येतंय. नाकाच्या ऑपरेशननंतर येत असावं.

१४ एप्रिल
ताप ३८.७. दोनदा उलटी. तापात दुप्पट घ्यायला सांगितलंय. शून्याची दुप्पट शून्यच, म्हणजे मी सूचना पाळतोय.
ओक-बूनने विचारलं, "गोळी घेतलीत ना?" हो म्हणालो. तिने कपाळावर ओलं फडकं ठेवलं. तेव्हा सांगून टाकावंसं वाटलं. पण आता घेतली तर बारा दिवसांची मेहनत पाण्यात. फक्त सहा दिवस राहिले. देवा, सहाच.

१५ एप्रिल
उभा राहिलो. जमीन कलली. पेन जड

१९ एप्रिल, हॉस्पिटल
मी न्हाणीघरात पडलेलो सापडलो म्हणे. आमच्या चढाच्या बोळात अँब्युलन्स येत नाही. ओक-बूनने बोंगला फोन केला. त्याने बोट धक्क्याला लावली, धावत आला आणि मला पाठीवर घेऊन खाली उतरला. इथे गोळ्यांतल्याच औषधाचं इंजेक्शन दिलं, काही तासांनी मी उठून बसलो आणि पेज मागितली. नुसत्या एका इंजेक्शनने.
त्याआधी घेतलेल्या रक्तात कॉर्टिसॉल जवळजवळ नव्हतंच. ग्रंथी कदाचित कधीच उठणार नाही. गोळ्या बहुतेक जन्मभर. नामबाई म्हणाल्या, "आणखी तासभर उशीर झाला असता तर..." आणि चष्मा पुसत बसल्या.
मी तपासणीचं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "गोळ्या घेणाऱ्याला बोट चालवता येत नाही, हे कोणी सांगितलं तुम्हाला? नीट घेत असतात तर उद्या मीच सही दिली असती. आता सहा महिने बोटीचं नाव काढू नका."
कोणी सांगितलं होतं? बराच वेळ आठवून पाहिलं. कोणीच नाही. मी विचारलंच नव्हतं.
ओक-बून तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही. आत्ता दुपारची अर्धी गोळी आणि पाणी घेऊन आली. माझं मी घेईन, म्हणालो. ती हलली नाही.
"तोंड उघडा," म्हणाली.
उघडलं.