दातांत धरलेली फळी

२ नोव्हेंबर १९४१

पुन्हा रंधाच. मास्तरकी सोडून महिना झाला. वाशिमात वीणा घडवणारे मारोतराव. त्यांच्याकडे मी शिकाऊ. अनसिंगच्या मदनसिंगाने फुटकी गिटार आणून टाकली आहे — अशीच नवी करून द्या. मारोतरावांनी ती उलटीसुलटी केली. ‘‘वीणेले कंबर कोनं काढली?’’ त्यांच्या पत्नी सोजरबाई म्हणाल्या, ‘‘मुंगळ्यावानी दिसते.’’

५ नोव्हेंबर

गिटारीच्या तोंडाची, तारांखालची फळी किती पातळ करायची, याला माप नाही. मारोतराव तिची कड दातांत धरतात, टिचकी मारतात. निकाल ऐकायला मी मान खाली घालून बसतो. ‘‘मुकी हाय,’’ म्हणाले.

का मुकी, विचारलं. ते रंध्याला धार लावत राहिले. गुरूचा तोरा.

६ नोव्हेंबर

मीही फळी दातांत धरू लागलो. शिवणीचं लाकूड कडवट.

१४ नोव्हेंबर

दुसरी फळी फार रंधली. चिरली.

‘‘मास्तर, दत्तजयंतीपर्यंत फळी बोलली नाही, त वापस शाळेत जा. पोट्टे तरी बोलतात.’’

शाळेत माझ्या जागी दुसरा आला आहे. हे त्यांना सांगितलेलं नाही.

२७ नोव्हेंबर

तिसरी फळी. मारोतराव बाजारात. मी ती दातांत धरून बसलो होतो, तेवढ्यात सोजरबाई चहा घेऊन आल्या. पाहतच राहिल्या.

‘‘फळी काहून चावून राह्यले?’’

‘‘मारोतराव असंच ऐकतात.’’

त्यांनी पदर तोंडाला लावला. ‘‘त्यायचे कान गेले, मास्तर. दोन वर्सं झाले. दातानं हाडात आयकू येते, म्हन्तात. तुमचे त शाबूत हायेत!’’

खूप हसल्या. मग कप उचलताना हळूच म्हणाल्या, ‘‘आता दातानंही येत नाही. कोनाले सांगू नोका.’’

२८ नोव्हेंबर

फळी कानाशी धरली. तीन आठवडे लाकूड चाखत होतो, आज ऐकलं. डाव्या कडेला अजून जड आहे.

१ डिसेंबर

फळी त्यांच्या हाती दिली. त्यांनी दातांत धरली, टिचकी मारली. आज मी मान खाली घातली नाही. ते फळीकडे पाहतच नव्हते. माझ्या तोंडाकडे पाहत होते.

आवाज खोलीभर राहिला. मला हसू आलं.

‘‘बोलली,’’ मारोतराव म्हणाले.