गोधडीला ठेवलेला तुकडा

दिघी, गुरुवार

ती. भिमाजीअण्णा यांस,

दिघीहून उद्धवचा नमस्कार. ठकुबाई वहिनींनाही सांगा, आणि गोठ्यातल्या मंडळींना नमस्कार चालत असेल तर त्यांनाही. तुमचा गुडघा आता कसा आहे? रोज सकाळी सहाला तुमचं गुलाबाचं फूल फोनवर पोचतं, खाली 'शुभ सकाळ' असतं, त्यावरून गुडघा बरा असावा असा अंदाज मी बांधतो. (मागच्या महिन्यात तीन दिवस फूल आलं नाही तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग कळलं की तुमचं रिचार्ज संपलं होतं.) फुलाला उत्तर म्हणून मी अंगठा पाठवतो. वर्षश्राद्धाला तुम्ही सगळे येऊन गेलात, तेव्हापासून दीड वर्ष आपलं हेच चाललंय, तिकडून फूल आणि इकडून अंगठा. म्हणून म्हटलं, एकदा कागदावर सविस्तर लिहावं. माझी तब्येत उत्तम आहे. साखर वाढली आहे असं डॉक्टर म्हणतात, पण ते सगळ्यांनाच म्हणतात.

तर गोष्ट अशी की मी एका कंपनीशी भांडण काढलं आणि ते जिंकलो. घाबरू नका, कोर्टकचेरी काही नाही. पण सुरुवातीपासून सांगायला हवं. मी एप्रिलात निवृत्त झालो आणि ऑगस्टात दुर्गा गेली, हे तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर दोन खोल्यांत मी, टीव्ही आणि तिचं शिलाई मशीन असे तिघं उरलो, त्यातला बोलणारा फक्त टीव्ही. म्हणून ताथवड्याला कॉम्प्युटरच्या वर्गात नाव घातलं. (शेवटची बारा वर्षं मी कारखान्याच्या टूलरूममध्ये कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं सांभाळली होती, त्यामुळे अगदीच पाटी कोरी नव्हती.) तिथे सगळी कॉलेजची पोरं. त्यांनी मला पहिल्या दिवशी सर समजून उभं राहून नमस्कार केला आणि मग मी त्यांच्याच बाकावर बसल्यावर फार हळहळली. तिथे मी एक प्रोग्राम लिहिला. भोसरीच्या वर्कशॉपांत सहा मीटरच्या लोखंडी सळ्या येतात, त्यातून लहानमोठ्या मापांचे तुकडे कापायचे असतात, आणि बेत चुकला की माल वाया जातो. माझा प्रोग्राम तो बेत करून देतो. आता ही अक्कल माझी नव्हे, तुमच्या धाकट्या बहिणीची. दापोडीच्या चाळीत बाकीच्या शिवणाऱ्या बायका ज्या कापडाला 'होत नाही' म्हणून परत करायच्या, त्यातून ती ब्लाउज काढायची. मोठं अंग आधी बेतायचं, बाह्या उरलेल्यात बसवायच्या, आणि त्यातूनही उरेल ते फेकायचं नाही, गोधडीला ठेवायचं. मी तेच कॉम्प्युटरला शिकवलं, कापडाच्या जागी लोखंड घातलं, इतकंच. प्रोग्रामचं नाव 'दुर्गा' ठेवलं. (घरात नाव ठेवण्याचा प्रसंग आमच्यावर दुसरा कधी आला नाही, हे तुम्ही जाणताच.) आणि शेवटी सळीचा तुकडा उरला की पडद्यावर मराठीत वाक्य यायचं, 'उरलेला तुकडा गोधडीला ठेवा.' ते मी माझ्याच करमणुकीसाठी घातलं होतं. दुसरं कोणी वाचेल असं वाटलंच नव्हतं.

प्रोग्राम मी इंटरनेटवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आतल्या लिखाणासकट. सहा महिने कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग आमच्या वर्गाच्या निशिगंधा मॅडम म्हणाल्या, काका, परवाना कुठाय? मला वाटलं महापालिकेचा. तर तसं नव्हे. अण्णा, मजा अशी आहे की तुम्ही एखादी गोष्ट चव्हाट्यावर मांडली म्हणून ती सगळ्यांची होत नाही. परवान्याचा कागद सोबत नसेल तर कायद्याने कोणी तिला हातसुद्धा लावायचा नाही, नुसतं बघायचं. म्हणजे सहा महिने मी जेवायला या जेवायला या म्हणत होतो आणि दाराला कुलूप होतं. मॅडमनी मग दोन तऱ्हेचे परवाने समजावून दिले. एक म्हणतो, घ्या, वापरा, विका, काय हवं ते करा, फक्त माझं नाव पुसू नका. दुसरा, ज्याला जीपीएल म्हणतात, तो मला ऐकताक्षणी ओळखीचा वाटला, कारण तो म्हणजे दुर्गाचं विरजण. चाळीत कोणीही वाटी घेऊन आली की ती विरजण द्यायची आणि बजावायची, उद्या तुझ्या दारात कोणी वाटी घेऊन आलं तर नाही म्हणायचं नाही. जीपीएलचंही तसंच. घरातल्या घरात दही लावून खा, कोणी विचारणार नाही. पण ते दही दुसऱ्याला दिलंत, मग फुकट द्या नाहीतर विका, की घेणाऱ्याला विरजणही द्यायचं, म्हणजे आतलं सगळं लिखाण, तुम्ही केलेल्या बदलांसकट, आणि मूळ कोणाचं हेही सांगायचं. मी तो लावला आणि वर ओळ लिहिली, 'मूळ पद्धत: दुर्गाबाई, दिघी.' त्यानंतर आणखी वर्षभर कोणी ढुंकून पाहिलं नाही, पण आता ते रीतसर होतं.

मग यंदा संक्रांतीनंतर मी गेनूच्या वर्कशॉपात गेलो. गेनू म्हणजे आमच्याबरोबर टूलरूममध्ये होता तो, मूळचा भोसरीचाच, आता स्वतःचं काम करतो. त्याने चाकणच्या एका कंपनीचं सळ्या कापायचं नवंकोरं मशीन घेतलं होतं. शेजारी उरलेल्या तुकड्यांचा लोखंडी डबा, आणि डब्यावर पांढऱ्या रंगात हाताएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, गोधडी. मी विचारलं, हे काय? गेनू म्हणाला, "आरं, त्ये मशीनच सांगतंय, तुकडा गोधडीला ठिवा म्हून. आमाला वाटलं, कंपनीत डब्याला गोधडीच म्हनत आसतील. आमी कोन इचारनार?" त्याचे तिन्ही कामगार दोन महिने सर्रास 'गोधडी भरली, गोधडी रिकामी कर' असं बोलत होते. अण्णा, मी तिथे तेलकट स्टुलावर बसून रडलो. गेनूला वाटलं साखर उतरली, म्हणून त्याने माझ्या तोंडात गूळ कोंबला.

मशीनवर दुर्गाचं नाव कुठेच नव्हतं. कंपनीने प्रोग्राम उचलला होता, वरची ओळ काढली होती, परवाना काढला होता आणि स्वतःचं बोधचिन्ह चिकटवलं होतं. फक्त गोधडी कोणाच्या लक्षात आली नाही. मला राग यायला हवा होता, तो पुढे आलाही, पण त्या दिवशी बसमध्ये मी वेड्यासारखा हसत होतो. दोन वर्षांत माझं म्हणणं पहिल्यांदा कोणीतरी ऐकलं होतं, भले चोरून का होईना.

बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून मी चाकणला गेलो. (कंपनीचं नाव लिहीत नाही. आता आमचे संबंध चांगले आहेत.) तिथे वर्षाली नावाची मुलगी प्रोग्रामचं काम बघते. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, स्वतःच्या कॉम्प्युटरवर तपासलं, आणि कान लाल करून म्हणाली की काका, हे आमच्याकडून चुकलंय. ज्याने केलं तो नोकरी सोडून गेला होता. मग मला मालकांपुढे नेलं. मालकांचं म्हणणं, फुकट ठेवलेलं होतं, मग कोणाचं ते? मी विरजण समजावलं. ते हसले आणि म्हणाले, "काका, तुमचा जन्म भोसरीत गेला. जुनं लेथ मशीन घेतलं की आपण काय करतो? पहिल्या कंपनीची पाटी उपटायची, हिरवा रंग मारायचा, आपली पाटी ठोकायची. यात वेगळं काय झालं?" मी नमस्कार करून उठलो. कारण एकतीस वर्षं आमच्या कारखान्यात त्या पाट्या छिन्नीने उपटायचं काम माझंच होतं, आणि हात चांगला बसला होता.

तरी मी दर बुधवारी जात राहिलो. दाराशी हेल्मेट देतात, छातीवर 'पाहुणा' असा बिल्ला लावतात, कँटीनमध्ये बुधवारी पुलाव असतो. वर्षाली परवान्याचं एकेक कलम वाचून दाखवायची. मी एकदा तावातावाने म्हटलं की तुमच्या बदलांचं लिखाण मला द्या. ती म्हणाली, तुम्ही आमचं मशीन कुठे विकत घेतलंय? परवान्याप्रमाणे ते गिऱ्हाइकाला द्यायचं, म्हणजे गेनूमामांना. पोरगी हुशार आहे आणि माझाच परवाना माझ्यापेक्षा तिला जास्त कळतो. (गेनूला पुढे खरंच सगळं लिखाण पेनड्राइव्हवर मिळालं. त्याने ते लिंबू-मिरचीच्या शेजारी मशीनला बांधून ठेवलंय.)

आता एक कबूल करतो. त्या परवान्यात असं आहे की मूळ मालकाने पहिल्यांदाच चूक कळवली आणि समोरच्याने तीस दिवसांत ती सुधारली, तर झालं गेलं विसरायचं, त्याची परवानगी पुन्हा चालू. हे मला दुसऱ्याच बुधवारी कळलं होतं. म्हणून मी लेखी नोटीस दिलीच नाही. मसुद्यात स्वल्पविराम घालत आणि काढत सात बुधवार काढले. शेवटी वर्षालीच म्हणाली, काका, कागद आल्याशिवाय मालक हलणार नाहीत, आणि तिने तिच्याच कंपनीविरुद्धची नोटीस स्वतः टाइप करून माझ्यापुढे सहीला ठेवली. नाइलाज झाला. निदान पंचवीस दिवस लावतील, तीन बुधवार तरी मिळतील, असा माझा हिशेब होता. त्यांनी नऊ दिवसांत सगळं केलं. मला बोलावून मशीनवर दाखवलं. 'माहिती' असं बटण आहे, ते दाबून खाली सरकत गेलं की सातवी ओळ, 'मूळ पद्धत: दुर्गाबाई, दिघी.' मालकांनी शाल आणि नारळ दिला.

आणि मग वर्षालीने नमुन्यादाखल सळी लावली. तुकडा उरला. पडद्यावर आलं, 'स्क्रॅप बिनमध्ये टाका.' परराज्यातून आलेल्या कामगारांना गोधडी कळत नाही, म्हणून बदललं म्हणे. यावर भांडायची सोय नव्हती. कारण बदल करायची मुभा परवानाच देतो, आणि परवाना मी लावलेला. नाव ठेवणं त्यांच्यावर बंधन होतं, शब्द ठेवणं नव्हतं. म्हणजे जी ओळ कोणी कधी उघडणार नाही तिथे ती आहे, आणि जिथे माणसं रोज तिचं ऐकत होती तिथून ती गेली. असा मी जिंकलो.

त्यानंतरच्या बुधवारी मी सवयीने शर्टाला इस्त्री केली. चाकणपर्यंत गेलोही. पण दाराशी सांगायला काम काय होतं? चौकात चहा प्यायलो आणि परतीची बस धरली. अण्णा, घर फार मोठं वाटतं. खोल्या दोनच आहेत, पण मोठं वाटतं. गेनूला म्हटलं, आता मशीन गोधडी म्हणत नाही, डबा पुसलास तरी चालेल. तो म्हणाला, "न्हाई पुसनार. मशीनला काय कळतंय." एवढं एक बरं झालं.

बाकी सर्व ठीक. पुढच्या खेपेला गुडघ्याचं खरं काय ते लिहा, फुलावरून काही कळत नाही.

आपला,
उद्धव

ता.क. पत्र खरं म्हणजे पुढच्या मजकुरासाठी लिहिलं, पण तिथवर यायला इतकी पानं गेली. मालकांचं ते पाटीचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. लग्नात आमच्या आईने सांगितलं की या नावाची आत्या आमच्याकडे आधीच आहे, नवरीचं बदला. म्हणून मी ताटातल्या तांदळात अंगठीने 'दुर्गा' लिहिलं. तुमच्या बहिणीला कोणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. बेतायला तर ती तुमच्याकडेच शिकली, तुमच्या आईजवळ बसून, पहिल्या नावाने. म्हणजे मूळ पाटी मीच उपटली आणि वर चाकणला जाऊन भांडलो. प्रोग्रामची नवी आवृत्ती काढतोय. त्यात ती ओळ तिच्या माहेरच्या नावाने लिहायची आहे, आणि गोधडीचं वाक्यही त्याच ओळीला जोडणार आहे, म्हणजे नवी आवृत्ती घेणाऱ्याला ते काढता येणार नाही. तर कृपया तिचं माहेरचं नाव कळवा.

पुन्हा ता.क. नाव मला ठाऊक आहे. मथुरा. सदतीस वर्षांत मी ते एकदाही उच्चारलं नाही. आता घरात दुर्गा म्हणणारंही कोणी नाही. तेव्हा अण्णा, एक दिवस फूल पाठवू नका, फोन करा, आणि लहानपणी तिला अंगणातून हाक मारायचात तशी एकदा मारा. मी मध्ये बोलणार नाही.