दराऱ्याची राखण

तीर्थस्वरूप दादांच्या पायांशी धाकटीचा नमस्कार.

तुम्ही लॉरीतून पाठवलेलं सगळं पोहोचलं, ते असं : कुत्रा एक, साखळी एक, गंजलेली, पातेलं एक, चेपलेलं, आणि तुमची चिठ्ठी, ‘नाव दरारा. एकदा भुंकला की मैदान साफ.’ उतरवायला हमालाने दोन माणसांचे पैसे मागितले, कारण दरारा आपण होऊन उतरेना आणि एकट्याला उचलवेना. मी अर्ध्या माणसाचे कापले (मागचे दोन पाय मीच धरले होते).

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे आहोत, सासूबाईंचे कान सोडून. त्यांची कानटोपी पुढे येईलच.

तर दादा, लहान तोंडी मोठा घास घेते, पण कुत्रा मी परत पाठवणार आहे. पक्कं ठरलं. तुम्हाला ठाऊक आहे, मागच्या दारी मी कोबी, गाजर, वाटाणा लावते, आणि पलीकडच्या झुडपांतून ससे येऊन आमच्या आधी जेवून जातात. आमचे हे छापखान्यात प्रुफं तपासतात, त्यामुळे चूक दिसली की खूण केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. कुरतडलेल्या प्रत्येक गड्ड्याशेजारी ते एक काडी रोवतात. हल्ली कोबीपेक्षा काड्यांचं पीक जोमात आहे. हे म्हणाले, जाळीचं कुंपण घालू. मी म्हणाले, जाळीला पैसे पडतात, दादांचा कुत्रा फुकट येतोय. हे वाक्य मी सासूबाईंच्या देखत बोलले, ही माझी चूक.

पहिल्या दिवशी ससा आला तेव्हा मी खिडकीत टपून उभी. दरारा उठला. (त्याचं उठणं म्हणजे घडवंची सरकवल्यासारखं असतं, आधी मागची बाजू, मग विचार करून पुढची.) दोन पावलं गेला आणि पोटावर पसरला, पाय मागेपुढे ताणून, हनुवटी मातीत, शक्य तितका सपाट. मला वाटलं दबा धरलाय. कसला दबा! सशाला भीती वाटू नये म्हणून हा लहान होऊ बघत होता. ससा त्याच्या नाकाशी आला, नाक हुंगलं, आणि तिथेच बसून माझं गाजर संपवलं. तेवढ्यात दराऱ्याला शिंक आली, तर ती त्याने पंजाखाली तोंड खुपसून शिंकली. दादा, माणसं एवढी रीत पाळत नाहीत.

मी म्हटलं, शिकलेला नाही, शिकवू. सासूबाईंची केसाळ कानटोपी सुतळीला बांधली आणि अंगणभर ओढत फिरले, मागे वळून ‘पकड, पकड’ ओरडत. त्याने पकडली. अगदी ओठांनी, दात न लावता. मग कोपऱ्यात नेऊन चाटली, पुढच्या दोन पायांत घेतली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत जेवायला उठला नाही. सासूबाई म्हणाल्या, “टोपीला पिल्लं होईपर्यंत थांबू का मी?” तेव्हापासून त्या त्याला जावईबापू म्हणतात. येतो, जेवतो, पसरतो, कामाचं नाव नाही.

शेवटी मीच झाडू घेऊन सशांमागे धावले, की बघून तरी शिकेल. बाजूच्या भिंतीवरून शेजारचा शिंपी बघत होता. दरारा धावत आला, मला वाटलं आता काही तरी होणार. झालं ते असं, की तो ससे आणि मी यांच्या मध्ये आडवा उभा राहिला आणि आल्यापासून पहिल्यांदा भुंकला. माझ्यावर. शिंपी म्हणाला, “वहिनी, राखण तर झकास करतोय!” मैदान साफ झालं खरं, मी स्वयंपाकघरात गेले.

हे मात्र आता त्याला इथेच कुणाला तरी देऊन टाकायच्या हट्टाला पेटलेत. कोपऱ्यावरच्या लाकडाच्या वखारवाल्याला कुत्रा हवा आहे, सोमवारी तो न्यायला येणार. त्या वखारीतला आधीचा कुत्रा मी पाहिलाय, वीतभर साखळीवर दिवसरात्र, उन्हात, वरून काठीने डिवचणार म्हणजे तिखट होतो म्हणे. दराऱ्याचं तिथे काय होईल ते मला लिहवत नाही. म्हणून सोमवारच्या आत लॉरी पाठवून त्याला तुमच्याकडे न्या. उगाच माया लावून घेण्याचा माझा स्वभाव नाही. इथे थांबते, वाफ्याला पाणी सोडलंय आणि प्रार्थनेची वेळ झाली.

पुढे लिहिते. आता संध्याकाळ झाली आहे.

दादा, प्रार्थनेला डोळे मिटले की मला बाकी काही आठवत नाही, तशी पाण्याची तोटीही आठवली नाही. पाणी वाफ्यातून वाहत झुडपापर्यंत गेलं. इकडे मी देवाला रोजचंच सांगत होते, दुबळ्यांना सांभाळ, मुक्या जिवांना सांभाळ, आणि मांडीवर काही तरी ओलं पडलं. डोळे उघडले तर पोटापर्यंत चिखलात भरलेला दरारा समोर (आंघोळीच्या बादलीला भिऊन जो पलंगाखाली जातो, तो), आणि मांडीवर सशाचं पिल्लू, मुठीएवढं, लाळेने निथळत. आधी वाटलं, संपलं. पण नाक हलत होतं. अंगावर कुठे ओरखडा नाही. ही एवढी थोरली जबड्याची पेटी, आणि त्यातून आणलेल्या जिवाचा एक केस वाकडा नाही. बुडवणारी मी, काढणारा तो, आणि दुबळ्यांना सांभाळ म्हणून देवाला सांगणारीही मीच.

पिल्लू पदराने पुसून कोरड्या झुडपाखाली ठेवलं. दरारा माझ्यामागून आला, पण दूरच थांबला आणि चक्क पाठ करून बसला. मला कळेना, रुसला की काय. दिवेलागणीला पिल्लाची आई आली तेव्हा उमगलं. तिने आधी त्या पाठीकडे बघितलं, मग पिल्लाजवळ गेली. तो वळला नाही. फक्त एक कान मागे होता. सासूबाई दारातून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, “जावईबापूंना आज भाकरी जास्त घाल.”

तेव्हा दादा, वरचं सगळं रद्द समजा. खोडत नाही, कारण खोडलं तर दुसरा कागद घ्यावा लागेल. कुत्रा इथेच राहील. वखारवाला आला तरी राहील, हे काही म्हणाले तरी राहील. पक्कं ठरलं.

तुमची,
धाकटी

ता. क. तुमच्या मोडलेल्या खुराड्याची जाळी पडून असेल तर पाठवा. उंची गुडघ्यापर्यंत पुरे, दराऱ्याला ती ओलांडून पलीकडच्या सशांकडे जाता आलं पाहिजे. हमाल नको, जाळी मी एकटी उतरवते.

पुन्हा ता. क. यांना अजून सांगितलेलं नाही. ठरलं आहे ते माझं ठरलं आहे. तुमचा शब्द हे मोडत नाहीत, तेव्हा तुम्ही एक वेगळं पत्र यांच्या नावे लिहा, की दरारा दिलेला नाही, फक्त सांभाळायला ठेवलेला आहे, आणि परस्पर कुणाला दिल्यास तुम्हाला अतिशय वाईट वाटेल. तुम्ही देऊन टाकलाय हे मला माहीत आहे. पण मी खोटं लिहीत नाही, म्हणून ते तुम्ही लिहा. शुद्धलेखन बघून लिहा, हे तपासतील. आणि सोमवारच्या आत मिळेल असं, उलट टपालाने.