बटणांच्या दुकानाचं शटर उघडण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा पाट्या रंगवणे, मुख्य रस्त्यावर सगळे ज्याला पेंटरकाका म्हणतात तो, असं लिहून ठेवतो की माझी नजर अधू झाली असली तरी डोकं जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा चहा पाजून केलेल्या आग्रहाने लिहीत नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात माझ्या बायकोच्या बटणांच्या दुकानाचं शटर माझ्या पश्चात कधीही उघडू नये, असं लिहिलं होतं.

एक. मी राहतो ती माडी, आतल्या भांड्याकुंड्यांसह, माझ्या पुतण्याला मिळावी. आम्हाला मूलबाळ झालं नाही आणि माझ्या दुखण्यात त्याने हातचं काम टाकून माझं सगळं केलं. जिन्याची वरून तिसरी पायरी हलते, ती त्याने आधी दुरुस्त करून घ्यावी. खिडकीतून समोर रस्त्यापलीकडे बटणांचं दुकान दिसतं. ते मात्र त्याला मिळणार नाही. त्याने राग मानू नये. मानलाच तर माडीत बसून खुशाल मानावा, माडी त्याचीच आहे.

दोन. माझी लाकडी शिडी नगरपालिकेला द्यावी. अट एकच. तिच्यावर चढून कोणीही पाट्या रंगवाव्यात, अक्षरं काढावीत, बाण काढावेत. माणसं काढू नयेत. ब्रश ज्याला हवे त्याने न्यावेत. कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानदाराला माझ्या जंगम मालमत्तेतली सुतळीसुद्धा मिळू नये. त्याने मला पाणचट लाल रंग अस्सल म्हणून गळ्यात मारला आणि मी शटरवर काढलेली न्हाव्याची खुर्ची महिन्याभरात गाजरासारखी झाली. न्हावी बिचारा तेव्हा हयात नव्हता, नाहीतर त्याने माझीच बिनपाण्याने केली असती.

तीन. अट अशी का घातली ते लिहिणं भाग आहे.

गावाबाहेरून मोठा रस्ता गेला, त्याच्या कडेला मोठाली दुकानं झाली आणि आमच्या मुख्य रस्त्यावर एकेक शटर खाली आलं ते वर गेलंच नाही. माझी बायको शेवटपर्यंत दुकान उघडत होती. ती गेल्यावर तेही बंद झालं. मग नगरपालिकेचे साहेब आले. रस्त्यात पुन्हा जीव आणायचा, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. ते मला म्हणाले, "काका, दुकानं बंद आहेत हे दिसता कामा नये. प्रत्येक शटरवर उघडं दुकान काढा. आत माल, माणसं, सगळं. माणसं बघून माणसं येतात."

मी माल काढला. माणसं काढताना मात्र मला अनोळखी चेहरे सुचेनात. म्हणून औषधवाल्याच्या शटरवर औषधवालाच काढला, चष्मेवाल्याच्या शटरवर चष्मेवाला, न्हाव्याच्या शटरवर न्हावी आणि त्याच्या हाताखाली गळ्याला कापड गुंडाळलेलं गिऱ्हाईक. तिघंही तोवर गेलेले होते. हात चांगला चालला होता, याची मला फुशारकी होती.

परगावचा एक माणूस न्हाव्याच्या शटरसमोरच्या बाकावर नंबर लागायची वाट बघत बसला. बराच वेळ बसला. त्याला हसणारे आमचे लोक स्वतः मात्र जाता-येता न्हाव्याला हात करायचे. चष्मेवाल्याची विधवा रोज दुपारी नवऱ्यासमोर उभी राहून दिवसभरातलं सांगायची. रस्त्यावर वर्दळ वाढली, हे खोटं नाही. पण सगळे हळू बोलायचे. कोणी काही विकत घेत नव्हतं, कोणी भांडत नव्हतं, कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. भर दुपारी त्या रस्त्याने चालताना माझ्या अंगावर काटा यायचा, आणि ती सगळी माणसं मीच काढलेली होती.

न्हाव्याचा धाकटा शहरातून परत आला, वडिलांचं दुकान उघडतो म्हणाला. लोक त्याच्यावर धावून गेले. "वडिलांना गुंडाळून ठेवतोस होय रे?" त्याने कोणाचं ऐकलं नाही. पहिला आठवडाभर त्याच्याकडे कोणी फिरकलं नाही. मग दाढ्या वाढल्या, तसे गेले.

चार. आता बटणांच्या दुकानाबद्दल.

ते शटर मी सगळ्यात शेवटी रंगवलं. ती गल्ल्यामागे उभी आहे, चष्मा कपाळावर, दोन्ही हात लाकडी फळीवर. बटण कसलं आहे हे ती फळीवर टाकून आवाजावरून ओळखायची. शिंगाचं, शिंपल्याचं की प्लास्टिकचं. चित्र पूर्ण झालं त्या आठवड्यापासून मला तो आवाज येऊ लागला. संध्याकाळी दिवे लागताना, बंद दुकानाच्या आतून, एकच बटण फळीवर पडल्याचा. पुतण्या म्हणाला, "उंदीर असतील, काका." उंदीर बटण वाजवून बघत नाही. मी खिडकीत बसून ऐकत राहायचो. मला भीती वाटायची आणि आवाज आला नाही तर करमायचं नाही.

दुकानाच्या दोन्ही अंगांची दुकानं पार्किंगवाल्या ठेकेदाराने घेतली आहेत. मधलं माझं मिळालं की तो सगळी ओळ पाडून गाड्या लावणार. मधलं दुकान चालू राहिलं तर त्याला पाडता येत नाही. पुतण्या म्हणाला, "बंदच तर आहे. देऊन टाका. काकूंचं चित्र हवं तर शटर उतरवून तुमच्या माडीत भिंतीला लावून देतो." हे ऐकून मी त्याला घालवून दिलं. मग सबंध दुपार मी भिंतीचं माप घेत होतो, हेही खरं आहे.

दुकान भाड्याने मागायला सायकलवाल्याची सून आली. तिला रफू, चेन बदलणं, जुने कपडे बेतून देणं असलं काम सुरू करायचं होतं.

"भाडं तुम्ही म्हणाल ते, काका. पण शटर उघडावं लागेल."

"मागचं दार वापर."

"मागच्या दाराने गिऱ्हाईक येत नाही हो. चोर येतो."

मी नाही म्हटलं. ती पुन्हा आली, मी पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ती विचारायला आली नाही. शिलाई मशीन हातगाडीवर घालून आणलं आणि दुकानासमोर फुटपाथवर मांडलं. चित्रातल्या माझ्या बायकोच्या अगदी पुढ्यात. मी खिडकीतून बघत होतो. लोक यायचे, कपडा सुनेच्या हातात द्यायचे आणि बोलताना बघायचे मात्र तिच्या मागे, चित्राकडे. उन्हात ती पोर लाल व्हायची. वाऱ्याने दोरे उडायचे. तरी काम येत गेलं, आणि तिच्यामुळे रस्त्याच्या त्या टोकाला लोक मोठ्याने बोलू लागले.

एकदा उन्हं फिरली. सावली शटरच्या कडेला हातभर उरली होती. सुनेने मशीन ओढत मागे नेलं, ते शटरला टेकलं. ती मान वळवून सहज म्हणाली, "काकू, जरा सरका ना."

मी खिडकीत होतो. इतक्या वर्षांत सगळे बायकोच्या चित्रासमोर येऊन हात जोडून गेले, रडून गेले, तिला कोणी सरकायला सांगितलं नव्हतं. आणि माझी बायको जन्मभर गिऱ्हाइकासाठी सरकत आली होती. गल्ल्यामागे दोघांना उभं राहता येत नाही एवढंच ते दुकान. ती असती तर चष्मा सावरत केव्हाच बाजूला झाली असती. मीच तिला फळीला दोन्ही हात टेकवून उभं करून ठेवलं होतं. मी खूप रडलो. पुतण्याला वाटलं, दुखणं उलटलं.

पाच. सबब, बटणांचं दुकान, आतले खण, फळी व उरलेल्या मालासह, माझ्या पश्चात सायकलवाल्याच्या सुनेच्या मालकीचं व्हावं. ताबा मात्र माझ्या मरणाची वाट न बघता आजच द्यावा. तिने रोज सकाळी शटर उघडावं. ठेकेदाराला दुकान विकू नये. शटरवरचा रंग खरवडायचा की ठेवायचा हे तिने ठरवावं. मला विचारू नये, मी चुकीचं सांगेन. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी पुतण्याला नेमतो. तो चिडका आहे, पण लबाड नाही.

सहा. माझ्या पश्चात माझं चित्र कुठेही काढू नये.

सह्यांपूर्वी कलम पाच अमलात आणलं, त्याची नोंद इथेच करतो. पट्ट्यांच्या सांध्यांत रंग बसल्याने शटर हलेना. न्हाव्याच्या धाकट्याने तेल सोडलं आणि पुतण्याने खांदा लावला. शटर वर जाताना आधी डोकं आत जातं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. कपाळावरचा चष्मा गेला, मग चेहरा, मग पदर. हात सगळ्यात शेवटी गेले. रंगाच्या खपल्या माझ्या पायांवर पडल्या. आत फळी होती, खण होते, धूळ होती. कोणी नव्हतं. ती गेल्याचं मला त्या क्षणी कळलं.

सुनेने विचारलं, "काका, मशीन कुठं ठेवू?"

मी सांगितलं, "दारात ठेव. आत उजेड पोचत नाही."

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

लिहून ठेवणार: (सही) पेंटरकाका

आमच्या समक्ष सही केली, साक्षीदार:
१. (सही) न्हाव्याचा धाकटा, केशकर्तनाचं दुकान, मुख्य रस्ता
२. (सही) चष्मेवाल्याची पत्नी, मुख्य रस्ता

सायकलवाल्याच्या सुनेची साक्ष घेतलेली नाही. मिळकत जिला मिळते तिने साक्षीदार होऊ नये, असं वकिलांनी बजावलं. शिवाय तिच्याकडे गिऱ्हाईक आलं होतं.

स्थळ: मुख्य रस्ता, बटणांचं दुकान, उघडं.
दिनांक: ११ मार्च, बुधवार.