एकच रक्तगट

६ नोव्हेंबर २०१७

आज वर्गात सरांनी अवयवदानाची प्रश्नावली भरून घेतली. अवयव द्यावेत का? — सगळ्यांचं हो! मेंदू मृत होणं म्हणजे कोमाच का? — त्यालाही अर्ध्या वर्गाचं हो. माझी रूममेट सुमेधासुद्धा त्यातलीच. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आलेली माणसं ही! मी गप्प बसले. समजवायला गेलं की प्रेमचा विषय निघतो, मग सगळ्यांच्या चेहऱ्यावर ती दया. नको.

दुपारी प्रेमचा फोन. "बाई, सुया टोचून टोचून हात सुजला." माझा भाऊ, वय एकोणीस, आणि डायलिसिसवर! किडनीसाठी नागपूरच्या यादीत नाव आहे. त्याचा गट ओ, घरात दुसऱ्या कुणाचाच नाही, म्हणून माझी त्याला चालत नाही. तांड्यावर यंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला, पण याडी, माझी आई, त्याबद्दल बोलतच नाही. एवढंच विचारते — "नंबर लागला का?"

१४ नोव्हेंबर

सुमेधाच्या धाकट्या भावाला, क्षितिजला, ट्रॅक्टरनं उडवलं. नागपूरला हलवलं. तिच्यासोबत मीही आले.

१६ नोव्हेंबर

डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं — मेंदू मृत आहे. मग अवयवांचं विचारलं. सुमेधाची आई, काकू, किंचाळल्या, "छाती हालून राह्यली न त्याची!" छाती मशीन हलवतंय, तो नाही. मला दिसत होतं. सुमेधा मात्र सगळ्यांना सांगत सुटली, "कोमा आहे. लोक उठतात यातून."

तिच्या बाबांनी, चंद्रशेखरकाकांनी, मला व्हरांड्यात नेलं. "रंजिता, तुझ्या घरी दवाखाना पाचवीला पुजलेला. तू खरं सांग बेटा. क्षितिज गेला का?"

क्षितिजचा गट ओ. रक्तदान शिबिरात माझ्यासमोर त्यानं रक्त दिलं होतं.

किडनी प्रेमलाच मिळेल असं नव्हतं, ती यादीप्रमाणे जाते. पण मी "गेला" म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते — भावासाठी मागून राह्यली! आणि माझ्या मनात तेच नव्हतं का? होतं! तेच होतं!

मी म्हटलं, "मले नाही माहीत, काका."

१८ नोव्हेंबर

सकाळी क्षितिजचं हृदय थांबलं. काही दिलं नाही.

३० नोव्हेंबर

तेरवी. काकूंनी मला पोटाशी धरलं. "जो तो द्या द्या करत होता. तू एकटी नाही बोलली." मी पानातला भात नुसता कालवत राहिले. पंगतीतून उठताही येईना.

९ डिसेंबर

प्रेमला धाप लागते आहे. हाताला दुसरी शीर सापडत नाही. याडीनं आज नंबरचं विचारलंच नाही.

१० डिसेंबर

कपडे वाळत घालताना सुमेधा सहज बोलून गेली — "बाबांचा डॉक्टरांवर भरवसा नव्हता गं. मला म्हणाले होते, रंजितानं 'गेला' म्हटलं की अवयवदानाच्या कागदावर सही करतो." मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पण तुलाही कुठं माहीत होतं!"