गोटीच्या दप्तरातली डबी

प्रिय ताई,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. गेल्या शनिवारी तू आणि भावोजी दोन दिवसांसाठी बाहेर गेलात आणि गोटीला माझ्याकडे सोडलंत.
२. रविवारी सकाळी अंघोळ झाल्यावर गोटीने दप्तरातून एक पांढरी डबी काढली आणि हनुवटी वर करून माझ्यापुढे उभी राहिली.
३. डबीवर कंपनीचं नाव नाही, घटकांची यादी नाही. झाकणावर एका गोऱ्या बाईचा चेहरा आहे.
४. मी क्रीम लावलं नाही. गोटी रडली.
५. तिच्या तळहातांची सालं निघाली आहेत. बोटांची टोकं लाल आहेत.
६. सोमवारी त्यातलं अर्धा ग्रॅम मी आमच्या प्रयोगशाळेत नेलं. दोनदा तपासलं. दर किलोला नऊ ग्रॅम पारा. चुकून आलाच तर चालतो तो एक मिलिग्रॅम.
७. मंगळवारी तिसऱ्यांदा तपासलं, कारण आकडा खोटा ठरावा असं मला वाटत होतं. ठरला नाही.
८. संध्याकाळी तुला फोन केला. तू म्हणालीस, "बंद करते. पण ह्यांना काही कळू देऊ नकोस." आणि फोन ठेवलास. तेव्हापासून तू माझा एकही फोन उचललेला नाहीस.

म्हणून हे पत्र. आईच्या हाती पाठवते आहे. पाकीट चिकटवलेलं आहे, पण तिला वाचायचं असेल तर खुशाल वाचू दे. तिच्यापासून लपवावं असं यात काही नाही, तिनेच तुझ्यासाठी बरंच लपवलं आहे.

गोटी रडली असं मी चौथ्या मुद्द्यात लिहिलं, ती काय म्हणाली ते लिहिलं नाही. ती म्हणाली, "मावशी, तुला लहानपणी कुणी लावलं नाही का? म्हणून तू अशीच राहिलीस?" ताई, तिने हे छद्मीपणाने विचारलं नाही. तिला माझी दया आली होती. पाच वर्षांच्या पोरीने माझ्या गालावरून बोट फिरवलं आणि मग ते बोट उलटसुलट करून पाहिलं. मी तिला टॉवेलात गुंडाळलं, खायला दिलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. मी रडत नव्हते. मला काहीतरी फोडायचं होतं आणि घर भाड्याचं आहे.

तू म्हणशील, तुला काय कळतंय, तुला मूल नाही. बरोबर. पण मला रंग आहे. त्या विषयात माझा अनुभव तुझ्यापेक्षा जास्त आहे. परवाच एक गिऱ्हाईक पाण्याचा अहवाल न्यायला आलं. मी एप्रन घालून, पेन हातात घेऊन टेबलामागे बसलेली, आणि तो म्हणाला, "बाई, साहेबांना बोलवा की, सही घ्यायचीय." मी सही केली. त्याने सही पाहिली, मला पाहिलं, आणि परत दाराकडे पाहिलं, जणू कुणीतरी खरं माणूस अजून यायचं आहे. असं महिन्यातून दोन-तीनदा होतं. मी ते घरी कुणाला सांगत नाही. बाबाही एरवी सांगत नव्हते.

बाबांचं तुला आठवतं का, की आठवणींचंही तू काहीतरी करून टाकलं आहेस? तू नऊ वर्षांची होतीस. ते लिफ्ट दुरुस्तीचं काम लवकर आटपून, कपड्यांना ग्रीस तसंच, तुला घ्यायला शाळेत आले. तुझ्या मैत्रिणीने विचारलं, "हा कोण गं?" तू म्हणालीस, "आमच्याकडचा लिफ्टवाला." रात्री जेवताना बाबांनी ती गोष्ट हसत हसत सांगितली. "बाईसाहेबांनी आज मला नोकरीवर ठेवलं, पगाराचं तेवढं बोलायचं राहिलं." आईही हसली. दुसऱ्या दिवसापासून ते शाळेच्या फाटकाशी येईनासे झाले, पुढच्या वळणावर थांबायला लागले. ते वारले त्या वर्षापर्यंत मीही त्याच वळणापर्यंत चालत गेले. मला कुणी काही विचारलं नसतं, माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. तरी गेले, कारण मला वाटायचं की बाप असाच वळणावर उभा असतो.

तू नऊ वर्षांची होतीस म्हणून ते मी कधीच धरून बसले नाही. पण कॉलेजचा अर्ज भरताना तू अठराची होतीस. मी सोळाची, शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होते. एकच टेबल, आळीपाळीने एकच पेन. 'वंश' या शब्दापुढे चार चौकटी. तू आईच्या लोकांच्या चौकटीत खूण केलीस, मी बाबांच्या. एका आईबापाच्या दोन मुली, तू आईसारखी गोरी, मी बाबांसारखी काळी, आणि मध्ये फक्त पाण्याचा तांब्या. तू माझ्या कागदाकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "तुला निदान विचार तरी करावा लागत नाही." मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं. किती मूर्ख होते मी.

आणि तुझं लग्न. तिथे माझीही चूक आहे, ती लिहायलाच हवी. तू सासरी सांगितलंस की तुझे वडील तू तान्ही असतानाच गेले, आईने दुसरं लग्न केलं, मी त्या दुसऱ्या घरातली. ज्या माणसाने तुला सायकल शिकवली त्याचे तू दोन तुकडे केलेस. गोरा तुकडा स्वतःला ठेवलास आणि उरलेले बाबा माझे एकटीचे करून टाकलेस. आईने मान डोलावली. तुझ्या सासूबाईंनी माझी ओळख "सूनबाईची सावत्र बहीण, पण अगदी सख्खीसारखी हं" अशी करून दिली आणि मी नमस्कार केला. हसलेसुद्धा. फोटोग्राफरने मला कडेला उभं केलं तर मी कडेला उभी राहिले. तुझं भलं होतंय, आपलं काय जातंय, असा हिशेब मी केला. तो चुकला. ते माझ्या अंगावरून गेलं आणि गोटीच्या अंगावर आलं.

ती बाबांवर गेली आहे, ताई. कपाळ, कानाच्या पाळ्या, रंग, सगळं. सासूबाई मागच्या वर्षी चहा ओतता ओतता म्हणाल्या, "ही पोरगी नक्की कुणावर गेलीय?" आणि तू म्हणालीस, "उन्हात फार हुंदडते हो." मी समोर बसले होते. बशीत सांडलेल्या चहाकडे बघत राहिले. त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर बहुतेक ही डबी आलीच नसती. तुझ्यावर जेवढी चिडले आहे, तेवढीच त्या बशीकडे बघणाऱ्या बाईवर.

आता जे फोनवर तू ऐकून घेतलं नाहीस ते. क्रीम बंद केल्याने भागत नाही. पारा मूत्रपिंडात साठतो आणि तो लावलेल्या जागी राहतही नाही. टॉवेलात, उशीच्या अभ्र्यात, खोलीच्या हवेत जातो. मी मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलले. त्यांचं म्हणणं असं की घरातल्या चौघांचीही लघवी तपासायला हवी. तू रोज बोटांनी ते लावत होतीस. भावोजी तिच्या शेजारी झोपतात. सासूबाई तिला मांडीवर घेऊन भरवतात. कशासाठी ते सांगितल्याशिवाय तू त्या दोघांना बाटली देऊ शकत नाहीस. आणि पोरीला हे का लावत होतीस असं भावोजींनी विचारलं, की त्याला खरं उत्तर एकच आहे. अहवाल माझ्याकडे आहे, त्यांचा नंबर आहे, मी मंगळवारीच सांगू शकले असते. चार दिवस थांबले, ते तुला वाचवायला नाही. गोटीचे आजोबा कोण होते हे तिच्या बापाला तिच्या आईच्या तोंडून कळावं, माझ्या नाही, एवढ्यासाठी. येत्या गुरुवारी सकाळी साडेनऊची त्या रुग्णालयातली वेळ घेतली आहे. मी तिथे असेन. तू भावोजींना सांगितलंस का, आणि चौघं येताय का, हे बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत मला कळव. कळवलं नाहीस तर सहा वाजून पाच मिनिटांनी मी त्यांना फोन करीन.

तुझीच, सख्खी
धाकटी